साडेदहाची भूक आणि तिचा इतिहास



गेल्या पर्युषणातली गोष्ट. सलग दोन उपवास धरले होते. दुसऱ्या दिवशी घरातल्या बाकीच्यांसाठी पोळ्या लाटत होते. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या साडेदहाला पानं मांडली जातात. घड्याळात साडेदहा झाले आणि पोटात असा खड्डा पडला, की हातातलं लाटणं थांबलं. वाटलं, आता नाही जमायचं. तेवढ्यात सासूबाई आठवल्या. त्या म्हणायच्या, "भूक पाहुण्यासारखी असते गं. वेळेवर येते, दार वाजवते. उघडलं नाहीस तर थोडा वेळ थांबते आणि निघून जाते." गॅस बंद केला, खाली बसले, णमोकार म्हणत राहिले. साडेअकराला बघते तर भूक नाही. तोंडात पाण्याचा थेंबही गेला नव्हता. मग ती गेली कुठे? आणि मुळात आली कुठून?

मी कॉमर्सची. विज्ञानाचा संबंध शाळेबरोबर संपला. पण हा प्रश्न डोक्यात असा बसला, की पुढचे काही महिने वाचत राहिले, डॉक्टर असलेल्या भाचीला छळत राहिले. त्यातून कळलेला इतिहास आज सांगते. शेवटी माझी स्वतःची एक चूकही सांगायची आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

पोटाला पडलेली खिडकी

सुरुवात होते ६ जून १८२२ रोजी, अमेरिकेतल्या मॅकिनॅक नावाच्या बेटावर. फरच्या व्यापारात हमाली, नाव वल्हवणं अशी कामं करणारा अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाचा तरुण होता. जवळून सुटलेल्या बंदुकीची गोळी त्याला लागली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी उपचार केले. तो वाचला, पण जखमेचं भोक कायमचं राहिलं. बाहेरून थेट जठरात बघता येईल अशी खिडकीच पडली म्हणा ना. बोमाँट रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडत आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून बघत. अशा प्रयोगांचं पुस्तक त्यांनी १८३३ साली छापलं. अन्न जठरातल्या रसाने विरघळतं, हे जगाला त्यातून नीट कळलं.

त्या गरीब माणसाला या सगळ्याचा किती कंटाळा आला असेल! तो अधूनमधून डॉक्टरांना सोडून आपल्या घरी कॅनडात निघून जाई. पुस्तकात नाव मोठं झालं ते डॉक्टरांचं. पचन कसं होतं ते कळलं खरं, पण भूक कशी लागते हा प्रश्न तसाच राहिला.

फुगा गिळणारा विद्यार्थी

पुढचा प्रयोग १९१२ सालचा, हार्वर्डमधला. वॉल्टर कॅनन हे तिथले प्राध्यापक आणि वॉशबर्न हा त्यांचा विद्यार्थी. वॉशबर्नने रबरी नळी गिळायची सवय केली. नळीच्या टोकाला फुगा असे. तो जठरात गेला की हवा भरायची. जठर आकसलं की फुगा दाबला जाई आणि बाहेर कागदावर रेघ उमटे. भूक जाणवली की वॉशबर्नने एक कळ दाबायची. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या, तर भुकेची कळ आणि जठराचं आकसणं यांचा मेळ बसला. निष्कर्ष काढला गेला, की रिकाम्या जठराची घुसळण म्हणजेच भूक.

आपल्यालाही हे पटतं. पोटात कावळे ओरडतात, असं आपण म्हणतोच. पण हिशेब एका जागी जुळेना. आजारामुळे ज्यांचं जठर काढून टाकलं होतं, त्या माणसांनाही भूक लागत होती. जठरच नाही तर आकसणार काय? झालं. शास्त्रज्ञांचं लक्ष पोटावरून उडालं आणि मेंदूकडे वळलं.

इथे एक भारतीय नाव येतं. डॉ. बाळकृष्ण आनंद १९५१ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर काम करत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग असतो. त्याच्या दोन्ही कडांची एक बारीकशी जागा निकामी केली, की उंदीर समोर अन्न असूनही खायचं सोडून देतात, असं त्यांना आढळलं. भुकेचं केंद्र म्हणून ती जागा पुस्तकांत गेली. हेच डॉ. आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये आले आणि तिथला शरीरक्रियाशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. अन्न समोर असून उपाशी मेलेले ते उंदीर डोळ्यांसमोरून हलेनात. या इतिहासात पुढेही असे मुके जीव येतात. आपण हे ज्ञान वापरतो, त्यातून निघालेली औषधं घेतो, म्हणून त्या जिवांचा उल्लेख गाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटलं नाही. प्रतिक्रमणात मी त्यांचीही क्षमा मागितली. पुढचं त्यानंतरच वाचलं.

आधी कुलूप सापडलं, मग किल्ली

आतापर्यंत लोकांची समजूत अशी, की शरीरातले निरोप मज्जातंतूंच्या तारांवरूनच जातात. ती १९०२ साली लंडनमध्ये मोडली होती. बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी दाखवलं, की लहान आतडं रक्तात एक रसायन सोडतं आणि ते स्वादुपिंडाला कामाला लावतं. रक्तातून जाणाऱ्या अशा निरोप्यांना स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये हार्मोन हे नाव दिलं. मराठीत आपण संप्रेरक म्हणतो.

मग भुकेचाही असा निरोप्या असेल का? आधी सापडला तो उलटा निरोप्या. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला लेप्टिन मिळालं. ते शरीरातल्या चरबीतून निघतं आणि मेंदूला सांगतं, की शिल्लक पुरेशी आहे. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर लेप्टिन म्हणजे बचत खात्याचं पासबुक. पण रोजकीर्द कोण लिहितं? आत्ता, या जेवणाला, पान वाढा असं कोण सांगतं? ते अजून कुणालाच माहीत नव्हतं.

ते सापडलं भुकेचा शोध न घेता. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात सिरिल बॉवर्स हे संशोधक अनेक वर्षं एका वेगळ्याच गोष्टीच्या मागे होते. त्यांनी प्रयोगशाळेत असे छोटे रेणू तयार केले, की जे दिल्यावर शरीरात वाढीचं हार्मोन भरपूर सुटायचं. माणसाने बनवलेली किल्ली जर चालते, तर शरीरात तिचं कुलूप असणार. ते कुलूप मर्क कंपनीच्या संशोधकांना १९९६ साली सापडलं. मेंदूतल्या पेशींवर ते होतं. आता विचार करा. शरीराने कुलूप केलं आहे म्हणजे खरी किल्लीही शरीरातच कुठेतरी असणार. ती शोधायची शर्यत सुरू झाली.

जपानमध्ये ओसाकाजवळच्या राष्ट्रीय हृदयरोग संशोधन केंद्रात मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांचा गट कामाला लागला. हे हृदयाचं केंद्र, भुकेचं नव्हे. कुलूप मेंदूत, म्हणून किल्लीही मेंदूत असेल असं सगळेच धरून चालले होते. त्यांनी उंदरांच्या निरनिराळ्या अवयवांचे अर्क काढून ते कुलूप असलेल्या पेशींवर टाकून पाहिले. पेशींनी सर्वांत जोरात उत्तर दिलं ते जठराच्या अर्काला! ज्या जठराला नुसती पिशवी समजून बाजूला ठेवलं होतं, तिथेच किल्ली निघाली.

अजून एक अडचण होती. त्या रेणूत २८ अमिनो आम्लं आहेत हे कळलं. तसाच रेणू प्रयोगशाळेत बनवला तर तो चालेना. नीट पाहिल्यावर दिसलं, की खऱ्या रेणूच्या तिसऱ्या अमिनो आम्लाला आठ कार्बनचं एक छोटं स्निग्धाम्ल चिकटलेलं आहे. ते असलं तरच किल्ली कुलपात फिरते. हे स्निग्धाम्ल आपल्या ओळखीचं आहे बरं का. खोबरेल तेलात आणि लोण्यातुपातही ते असतं. डिसेंबर १९९९ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात हा शोध छापून आला. वाढ या अर्थाच्या 'घ्रे' या प्राचीन धातूवरून नाव ठेवलं घ्रेलिन. संस्कृत, मराठी आणि युरोपातल्या बहुतेक भाषा ज्या एका घराण्यातल्या, त्याच्या मूळपुरुष भाषेतला हा धातू.

गंमत म्हणजे जठराच्या वरच्या भागातल्या या पेशी सूक्ष्मदर्शकातून आधीच दिसल्या होत्या. आत काय आहे ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांच्या नावात चक्क 'एक्स' घातला होता. बाकी थोडं घ्रेलिन लहान आतड्यातही बनतं.

दार वाजवण्याची वेळ

वाढीचं हार्मोन सोडणारा म्हणून सापडलेला हा निरोप्या भुकेचा आहे, हे पुढच्या दोन वर्षांत उलगडलं. २००१ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये नऊ निरोगी माणसांना शिरेतून घ्रेलिन दिलं आणि हवं तेवढं जेवा म्हणून सांगितलं. ती एरवीपेक्षा २८ टक्के जास्त जेवली. त्याच वर्षी सिएटलमध्ये डेव्हिड कमिंग्ज यांच्या गटाने दहा जणांचं रक्त चोवीस तास थोड्या थोड्या वेळाने तपासलं. प्रत्येक जेवणाच्या आधी घ्रेलिन जवळजवळ दुप्पट होई आणि जेवल्यावर तासाभरात खाली येई.

आता माझ्या साडेदहाकडे येते. २००५ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा निरोगी माणसांना ३३ तास उपाशी ठेवून त्यांचं घ्रेलिन मोजत गेले. काय दिसलं? नेहमीच्या जेवणाच्या वेळा आल्या की घ्रेलिन चढे. आणि अन्नाचा कणही पोटात न जाता थोड्या वेळाने आपोआप उतरे. हे वाचलं आणि मी सासूबाईंच्या फोटोकडे बघून हसले. वेळेवर येते, दार वाजवते, उघडलं नाहीस तर निघून जाते! सहाच माणसांवरचा अभ्यास आहे, आणि माझ्या पोटात नेमकं हेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. भुकेत रक्तातली साखर, वास, सवय, मन असं बरंच काही असतं. पण ज्या बाईने आयुष्यभर उपवास केले, तिने हे स्वतःच्या शरीरात बघून ठेवलं होतं एवढं खरं.

माझी चूक

आता कबूल केलेली गोष्ट. माझी दुसरी एक भाची, नाव नको, लग्नाआधी सहा महिने कडक डाएट करून बारीक झाली. वर्षभरात वजन पुन्हा वाढलं. एका समारंभात ताटावर बसलेली असताना मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आपल्या घरातल्या बायका दहा दहा उपवास करतात आणि तुला जिभेवर ताबा ठेवता येत नाही?" ती काही बोलली नाही. ताट तसंच ठेवून उठली. त्यानंतर बराच काळ "मावशी" म्हणून तिचा फोन आला नाही.

कमिंग्ज यांच्याच गटाचा २००२ सालचा अभ्यास वाचताना मला ते ताट आठवलं. त्यात १३ स्थूल माणसांनी सहा महिने डाएट करून सरासरी १७ टक्के वजन उतरवलं. त्यानंतर त्यांच्या रक्तातलं दिवसभराचं घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढलेलं निघालं. वजन उतरलं की शरीराला ते यश वाटत नाही, दुष्काळ वाटतो. मग पाहुणा दार वाजवत नाही, धडका मारतो. आपला उपवास ठरावीक दिवसांचा असतो. संपूर्ण घर पाठीशी असतं, पारण्याचा दिवस ठरलेला असतो. ती पोरगी एकटी, महिनोन्महिने, रोज त्या धडका सोसत होती. तिच्या झगड्याला मी जिभेचे चोचले म्हटलं.

मी तिच्या घरी गेले आणि माफी मागितली. क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांना सरसकट म्हणतो तशी नाही, नेमकं काय बोलले ते सांगून. ती रडली, मीही रडले. मग तिनेच चहा केला.

राखणदार

घ्रेलिन म्हणजे शत्रू असं मात्र समजू नका. त्याला अडवून वजन कमी करायचे प्रयत्न झाले, लस करून पाहिली, माणसांत उपयोग झाला नाही. उंदरांमध्ये घ्रेलिनचा जनुकच काढून टाकला, तरी ते नेहमीसारखे खात राहिले आणि वाढले. मग हे हार्मोन हवंच कशाला?

उत्तर मिळालं टेक्ससमध्ये. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने २००८ साली ते आठ कार्बनचं स्निग्धाम्ल चिकटवणारं विकर शोधलं. २०१० साली त्यांनी हे विकर नसलेल्या, म्हणजे ज्यांचं घ्रेलिन निकामी आहे अशा उंदरांना रोजच्या अन्नाचा चाळीस टक्केच वाटा दिला. साधे उंदीर रोडावले, पण रक्तातली साखर सांभाळून राहिले. घ्रेलिन निकामी असलेल्यांची साखर आठवड्याभरात इतकी घसरली, की ते मरणाच्या दारात पोचले. बाहेरून घ्रेलिन किंवा वाढीचं हार्मोन दिलं, की साखर टिकायची. म्हणजे सुगीच्या दिवसांत हा राखणदार नसला तरी चालतं. उपासमारीत तो वाढीच्या हार्मोनमार्फत जीव धरून ठेवतो. २०१८ साली यकृत आणि लहान आतड्यात बनणारा त्याचा विरोधकही सापडला. पोट भरलेलं असलं की तो वाढतो, उपाशीपणी कमी होतो. देवाणघेवाणीचा ताळेबंद शरीर किती चोख ठेवतं!

झोपेचाही या वहीत हिशेब आहे. २००४ साली शिकागोत १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. लांब झोप मिळाली तेव्हाच्या तुलनेत त्यांचं घ्रेलिन २८ टक्के जास्त आणि लेप्टिन १८ टक्के कमी भरलं. रात्री अकरापर्यंत मोबाईल आणि पहाटे चारला उठणं, अशा आपल्या मैत्रिणींनी हे जरूर लक्षात घ्यावं.

शेवटची गोष्ट पुन्हा सासूबाईंची. शेवटच्या आजारात त्यांची भूकच गेली. साडेदहा वाजत, पान वाढलं जाई, त्या दोन घास चिवडून बाजूला सारत. म्हणत, "पाहुणा येईनासा झाला गं." आम्ही चिडायचो, आग्रह करायचो. २०२१ साली जपानने कर्करोगात खंगत जाणाऱ्या रुग्णांसाठी घ्रेलिनच्याच कुलपात बसणारं अ‍ॅनामोरेलिन हे औषध मंजूर केल्याचं वाचलं, तेव्हा कळलं, की भूक जाणं हा हट्ट नसतो, तोही आजाराचा भाग असतो. तुमच्या घरात कुणी वडीलधारं जेवत नसेल, तर रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आपल्या बावीस परिषहांत पहिलाच क्षुधा परिषह आहे, आणि तत्त्वार्थसूत्रात तो वेदनीय कर्माशी जोडला आहे. लहानपणी मला वाटायचं, भुकेला शत्रू मानून हरवायचं. आता वाटतं, ती आपलं काम करते. तिला ओळखावं, ती आली म्हणून घाबरू नये आणि दुसऱ्याच्या भुकेचा न्याय आपण करू नये. मधुमेह, गोळ्या, गरोदरपण असेल तर मात्र उपवास डॉक्टरांना विचारूनच. चक्कर, घाम, थरथर आली तर तो पाहुणा नव्हे, ती धोक्याची घंटा आहे. तेव्हा ताबडतोब खावं.

आज साडेदहा वाजता पानं मांडली आहेत. ती भाची चार दिवसांसाठी आली आहे, आणि तिला पहिली पोळी वाढायला मी उठते आहे. तुमच्याकडे पाहुणा किती वाजता येतो, ते जरूर कळवा.